आणलेले पिल्लू आणि आनृशंस्य

दीड-दोन महिन्यांचे कुत्र्याचे पिल्लू आईपासून वेगळे करून दूरच्या प्रवासाने घरी आणणे ही सहसा हौसेची बाब मानली जाते. परंतु ज्या जीवाने आश्रय मागितलेलाच नाही, त्याला आश्रित करून घेणाऱ्यावर कोणते ऋण येते, हा प्रश्न धर्मविचाराच्या कक्षेतला असून महाभारताने त्याच्या दोन बाजू ग्रंथाच्या आरंभी आणि शेवटाजवळ मांडल्या आहेत.

आदिपर्वात जनमेजय राजा कुरुक्षेत्री दीर्घसत्र, म्हणजे पुष्कळ काळ चालणारा यज्ञ, करीत असताना सरमा या देवशुनीचे, म्हणजे देवांच्या कुत्रीचे, पिल्लू तेथे येते आणि राजाचे तिघे भाऊ त्याला मारतात. आपण हविर्द्रव्य चाटले नाही, त्याकडे पाहिलेही नाही, असे ते रडत आईला सांगते. ती यज्ञस्थळी येऊन जाब विचारते, तेव्हा कोणीच काही बोलत नाही, आणि मग ती अकल्पित भय ओढवेल असा शाप देते. टीकाकारांचे लक्ष शापाकडे जाते, पण खरा दोष त्या मौनात आहे, कारण विधीत चूक होऊ नये म्हणून जागरूक असलेल्या मंडळींना एका पिल्लाच्या आईला उत्तर देणे लागते असे वाटलेच नाही.

महाप्रस्थानिकपर्वात, पाच पांडव व द्रौपदी अखेरच्या प्रवासाला हस्तिनापुराहून निघतात तेव्हा कुत्रा सातवा सोबती म्हणून मागे लागतो, आणि वाटेत सहाजणांपैकी पाचजण कोसळल्यावर युधिष्ठिराजवळ तोच उरतो. कुत्रा बाळगणाऱ्यांना स्वर्गात स्थान नाही, क्रोधवश नावाचे देवगण त्यांच्या इष्टापूर्ताचे, म्हणजे यज्ञयागांचे आणि विहिरी-तळ्यांसारख्या लोकोपयोगी कामांचे, पुण्य हिरावून घेतात, असे त्याला स्वर्गात न्यायला आलेला इंद्र बजावतो. भावांना सोडलेस मग कुत्र्याचा मोह कशाला, असेही तो विचारतो. मेलेल्यांना परत आणणे हाती नव्हते, जिवंत असताना मात्र त्यांना सोडले नव्हते, हे युधिष्ठिराचे उत्तर सगळ्या प्रसंगाचा गाभा आहे. कुत्रा म्हणजे प्रत्यक्ष धर्मच होता, या उलगड्याकडे कथेकरी घाईने धावतात, आणि त्यामुळे प्रसंगाचे मोल घटते, कारण कुत्र्याला टाकून स्वर्गात न जाण्याचा निर्णय घेताना युधिष्ठिरासमोर केवळ कुत्रा होता.

या वृत्तीला महाभारत आनृशंस्य म्हणते. नृशंस म्हणजे क्रूर, आणि त्याचा अभाव एवढाच शब्दाचा व्युत्पत्त्यर्थ असला, तरी यक्षप्रश्नात युधिष्ठिर त्याला परमधर्म ठरवतो. अहिंसा दूर राहूनही पाळता येते, कारण ज्याच्याशी संबंधच नाही त्याला इजा न करणे फारसे कठीण नसते. आनृशंस्य मात्र संबंध जडल्यावरच सुरू होते. त्याच्या जोडीला येणारा अनुक्रोश हा शब्द तर अधिकच बोलका आहे, कारण त्याचा मूळ अर्थ दुसऱ्यामागोमाग आक्रंदणे असा आहे.

घरी आणल्या जाणाऱ्या पिल्लाची स्थिती या दोन्ही श्वानांहून वेगळी, आणि नैतिकदृष्ट्या अधिक अवघड आहे. युधिष्ठिराचा कुत्रा आपणहून मागे आला होता आणि सरमेच्या पिल्लाला रडत जायला आई होती; या पिल्लाला मात्र उचलून आणलेले असते आणि त्याची आई मागच्या गावी राहिलेली असते. भक्ताचा त्याग करू नये असे युधिष्ठिर म्हणतो, परंतु येथे भक्ती नाही, शरणागतीही नाही. आहे ती केवळ आणणाऱ्याची इच्छा, आणि म्हणून कर्तव्याचा सगळा भार त्याच्याकडेच जातो. आईचा वास असलेले फडके बरोबर घेणे, वाटेत थांबत जाणे, पहिल्या रात्रीच्या कुँईकुँईला दार न लावणे, या गोष्टी लाडाच्या नसून अनुक्रोशाच्या आहेत. रेल्वेच्या ब्रेकव्हॅनमधल्या पिंजऱ्यात एवढ्या लहान जीवाला रात्रभर एकटे ठेवणे मात्र या कसोटीला उतरत नाही. प्रवासभर त्याला जवळ बाळगणे जमत नसेल, तर पिल्लू आपल्याच गावातले घ्यावे.