दिवा सोडून बघा

२०१६ सालच्या हिवाळ्यातली गोष्ट. औशातल्या एका बोर्डिंगचा मी अधीक्षक होतो. पाचवी ते दहावीची चाळीस मुलं, बहुतेक कोरडवाहू शेतकऱ्यांची. अंगणाच्या एका टोकाला लाकडावर तापणारा मोठा बंब, दुसऱ्या टोकाला न्हाणीघरं आणि मधे जमिनीखालून गेलेला सव्वाशे फूट पाइप. पूर्वी बंब न्हाणीघराच्या भिंतीला लागूनच होता. धूर मुलांच्या खोल्यांत शिरायचा, म्हणून त्या उन्हाळ्यात आम्ही तो लांब हलवला. फूटभर चर खणला, दीड इंची जीआयचा पाइप टाकला, त्याला गोणपाट गुंडाळलं आणि वर काळी माती लोटली. काम झालं म्हणून मी बिलावर सही केली आणि तो पाइप विसरून गेलो.

दिवाळीनंतर थंडी पडली तशी कुरकुर सुरू झाली. न्हाणीत पाणी कोमट यायचं. पहिल्या तीन बादल्या तर गारच. त्या मोरीत ओतून द्यायच्या, तेव्हा कुठे नळाखाली हाताला ऊब लागायची. इतर कुठल्या वर्षी मी ते चालवून घेतलं असतं, पण त्या वर्षी बघवत नव्हतं. एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. १२ तारखेला पहिली गाडी आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आमची मुलं तेव्हा एका तांब्यात तोंड धुऊन उरलेलं पाणी पायावर घ्यायची. पुढे पाऊस चांगला झाला, विहिरी भरल्या, तरी मोरीत जाणारी बादली बघितली की माझ्या पोटात कालवायचं.

दुसरा घोर लाकडाचा. रोज चाळीस किलो बाभूळ जळायची, वर तुराट्यांचे भारे वेगळे. समितीतल्या एकानं सुचवलं, बंब लहान पडतोय, मोठा घ्या. दुसऱ्यानं हळूच विचारलं, लाकूड बंबातच जातंय ना? तो प्रश्न माझ्या डोक्यात रुतून बसला.

बंबाचं काम मामांकडे होतं. वय चौसष्ट, किल्लारीकडच्या एका लहान गावचे. कमी बोलायचे. एका सकाळी मुलं रांगेत कुडकुडत उभी असताना मी त्यांच्यादेखत मामांना म्हणालो, "तुम्ही उशिरा पेटवता. लाकूड एवढं जातं कुठं, हे मला कळलं पाहिजे." मामांनी हातातला ओंडका खाली ठेवला. "बरं सर," एवढंच म्हणाले आणि पुन्हा बंबाकडे वळले. त्याच संध्याकाळी मी नोंदवहीत लिहिलं, 'लाकडाचा वापर अवाजवी. बंबावरील सेवकाचे दुर्लक्ष.'

दोन दिवसांनी मामा माझ्या खोलीच्या दारात आले. "सर, एक डाव पहाटं चारला या की बंबापाशी."

गेलो. अंधार होता. बंबाचं तोंड लालभडक झालं होतं आणि मामा पोत्यावर बसून ढलप्या सारत होते. मी घड्याळ बघितलं, चारला पाच कमी होती.

"आत्ताच पेटवला?"

"पावणेचारला. त्या वक्ताला डोळा उघडतोच माझा."

कधीपासून, हे मी विचारलं नाही. किल्लारीच्या बाजूच्या माणसाला ते विचारावं लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे तीन वाजून छप्पन मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून गावं झोपलेली होती, आणि भूकंपात दगडमातीच्या जाडजूड भिंती माळवदासकट अंगावर आल्या. तेवीस वर्षं जो माणूस त्या वेळेला झोपूच शकला नव्हता, त्याला मी चाळीस मुलांसमोर झोपाळू ठरवलं होतं. त्या जाळापाशी उभा राहून मला थंडी वाजली.

मामांनी बंबाची तोटी सोडली. पाण्यात बोट घालवत नव्हतं. "हितं बगा, आणि आता तिकडं बगा," म्हणून त्यांनी मला अंगणात नेलं. बॅटरीच्या उजेडात बोर्डिंगचं कुत्रं दिसलं. अंगणाच्या अगदी मधोमध, उघड्यावर, अंगाचं मुटकुळं करून झोपलेलं. आडोशाला व्हरांडा होता, बंबाची गरम राखही होती, तरी ते इथंच. त्याच्या दोन्ही बाजूंना गवताची एक हिरवी रेघ थेट न्हाणीघरापर्यंत गेली होती. बाकीचं अंगण करपलेलं. मुलांना कुत्र्याची जागा पाठ होती. मी रोज ती ओलांडून जात होतो.

"ऊब समदी जमीन पिऊलाली सर," मामा म्हणाले. "लाकूड म्या चुलीत घालतो, ते जातंय हितं."

मग त्यांनी पेवाची गोष्ट काढली. तरुणपणी त्यांनी वडिलांबरोबर पेवं खणली होती. जमिनीखाली खोल खड्डा, तोंड अरुंद, पोट मोठं, आत ज्वारी. पेव कधी काळ्या रानात खणायचं नाही. काळी माती उन्हाळ्यात हातहात भेगाळते आणि पावसाळ्यात त्याच वाटेनं पाणी पोटात घेते. गावठाणातली उंचवट्याची पांढरी शोधायची. तळाला आणि कडेला कोरडा कडबा, कडुनिंबाचा पाला, तोंडावर दगड, वर मातीचा लेप. कडबा कोरडा आहे तोवर धान्य राहतं. एकदा का ओल शिरली, की तोच कडबा धान्य कुजवतो.

"आणि पेव उघडलं की लगेच उतरायचं नसतंय," ते म्हणाले. "आत वाईट हवा साठलेली असती, माणूस जागीच जातो. आधी कंदील सोडायचा. दिवा इझला तर थांबायचं. तुमी दिवा न सोडताच उतरलाव सर."

एवढं बोलून ते बंबाकडे गेले, कारण जाळ पडत आला होता.

सकाळी मी शाळेच्या प्रयोगशाळेतून तापमापी आणली. बंबाच्या तोटीला ६८ अंश, न्हाणीच्या नळाला ४६. बावीस अंश सव्वाशे फुटांत गेले होते. माझ्यासाठी हाच तो कंदील, दोन दिवस उशिरा सोडलेला.

त्या रविवारी चर उकरला. दहावीची चार मुलं, मामा आणि मी. पहिल्या दहा फुटांत माती फक्त दमट होती. न्हाणीघराकडे सरकलो तसा कुदळीला चिखल लागायला लागला आणि उकरलेल्या मातीतून सकाळच्या गारठ्यात वाफ निघायला लागली. एका मुलानं मूठभर चिखल उचलून गालाला लावला. "सर, गरम आहे!" मोरीचं सांडपाणी शोषखड्ड्यात जाण्याऐवजी फुटक्या नालीतून आमच्या चरात उतरत होतं. पाइपला गुंडाळलेलं गोणपाट हातात घेतलं तर पिळून तांब्याभर पाणी निघालं.

शेंगदाणे भाजताना तापलेली कढई कोरड्या फडक्यानं उचलता येते. तेच फडकं ओलं असेल तर बोटं पोळतात. कोरड्या फडक्याच्या धाग्यांत हवा अडकलेली असते आणि हवा उष्णता सहजासहजी पुढे जाऊ देत नाही. पाणी भरलं की हवा हटते आणि उष्णतेला वाट मोकळी होते. ओल्या आणि कोरड्या मातीतही हाच फरक असतो. आम्ही पाइपला ऊब राहावी म्हणून जे पांघरलं, त्यानंच ती ओढून जमिनीला दिली. पेव खणणाऱ्यांना हे ठाऊक होतं. बिलावर सही करणारा मी बीएस्सी होतो.

दुरुस्ती सांगायला एका मुलाचे आजोबा आले. साखर कारखान्यात फिटर म्हणून आयुष्य गेलेलं. वाफेचा पाइप उघडा राहिला तर बगॅस किती जादा जळतो, हे त्यांनी तीस वर्षं बघितलं होतं. त्यांनी आधी नाली दुरुस्त करायला लावली. ओल तोडल्याशिवाय पाइपला हात लावायचा नाही, असा त्यांचा हट्ट, आणि तो बरोबर होता. मग चराला विटांची बांधणी, तळाला शोषखड्ड्याकडे उतार, पाइप विटांच्या तुकड्यांवर अधांतरी. पाइपवर इंचभर जाडीच्या फोमच्या नळ्या, सांधे टेपनं बंद, आणि हे सगळं चार इंची पीव्हीसीच्या आत. पीव्हीसीची दोन्ही तोंडं पाणी शिरणार नाही अशी बुजवली. वर शहाबादी फरश्या नुसत्या ठेवल्या, सिमेंट लावलं नाही. "उचलून बघता आलं पाहिजे," आजोबा म्हणाले. मला हे वाक्य फार आवडलं.

आता बंबापाशी ६८ असेल तर नळाला ६६ येऊ लागलं. रोजचं लाकूड पंधरवड्यात बावीस-तेवीस किलोवर आलं. मोठ्या बंबाचा विषय समितीत पुन्हा निघाला नाही. पण पहिल्या तीन बादल्या अजूनही गारच यायच्या. रात्रभर पाइपात उभं राहिलेलं पन्नासेक लिटर पाणी कितीही पांघरलं तरी सकाळपर्यंत निवतंच. मी त्यावर विचार करत बसलो होतो, तेव्हा मामांनी न्हाणीबाहेर एक पिंप आणून ठेवलं. "टाकताव कशाला? इसन करा की." आता पाणी कडक येत होतं, त्यात मिसळायला विसण लागणारच होतं. ते तीन बादल्या पाणी पिंपात साठू लागलं आणि मोरीत जायचं थांबलं.

नोंदवहीतली ती ओळ मी खोडली. खाली लिहिलं, 'दोष चराचा. चराचे काम मी पाहून घेतले नाही.' सोमवारी प्रार्थनेला, जिथं मी मामांना बोललो होतो त्याच जागी, त्याच मुलांसमोर ते वाचून दाखवलं आणि मामांची क्षमा मागितली. मामा मागे खांबाला टेकून उभे होते. त्यांनी टोपी काढली, झटकली आणि पुन्हा घातली. मुलं गप्प होती. मग एक पाचवीतला पोरगा मोठ्यानं म्हणाला, "मामा, उद्या पहाटे मी येऊ का लाकडं द्यायला?"

दुसऱ्या दिवशी पहाटे मीही गेलो. पोरगा खरंच आला होता, कानाला मफलर गुंडाळून, आणि मामा त्याला ओंडका कुठल्या बाजूनं सारायचा ते दाखवत होते. अंगणाच्या मधोमध कुणीच नव्हतं. कुत्रं बंबाशेजारी मामांच्या पोत्यावर झोपलं होतं, आणि मामा शेजारी उघड्या दगडावर बसले होते.