धुऊनही न जाणारं नाव

सोलापुरी चादरीत विणलेलं ‘पुलगम’ किंवा ‘चाटला’ हे कारखान्याचं नाव मला जगातल्या कुठल्याही नामांकित बोधचिन्हाच्या तोडीचं वाटतं. ही खूण कापडात उतरायला बराच काळ लागला.

१८७७ साली सोलापुरात ‘जुनी गिरणी’ उभी राहिली. त्या जमान्यात गिरण्यांचं कापड शिक्के मारून, वर देवादिकांची किंवा प्राण्यांची रंगीत कागदी चित्रं चिकटवून बाजारात जाई. वाचता न येणारं गिऱ्हाईकही चित्र पाहून माल ओळखे. पण चित्र निघून जाई, शिक्का पहिल्या धुण्यात विरे. खूण विक्रीपुरतीच होती.

जॅकार्ड मागाने हे बदललं. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या या गावात नाव थेट ताण्याबाण्यात गेलं. आडवा धागा टाकताना कोणते उभे धागे उचलायचे, हे भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या ठरवतात. त्यामुळे अक्षराची प्रत्येक गोलाई आधी चौकटींच्या कागदावर पायऱ्यापायऱ्यांनी मांडावी लागते. त्या अक्षरांचा ठसठशीतपणा या अडचणीतूनच आला आहे. उलट बाजूला रंगांची अदलाबदल होते आणि नाव आरशातल्यासारखं दिसतं. ते पुसायचं तर चादरच उसवावी लागेल. मालाची इतकी उघड जबाबदारी घेणारी खूण मला दुसरी आठवत नाही.

तिकडे पाश्चात्त्य जगात १९३३ पासून लाकोस्त कंपनीची मगर सदऱ्याच्या दर्शनी बाजूला आली. पुढे सर्फबोर्ड बनवणाऱ्या शॉन स्टुसीने त्यांवरची आपली सही टी-शर्टवर आणली. १९९४ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या सुप्रीम या कपड्यांच्या दुकानाने लाल पट्टीतल्या पांढऱ्या अक्षरांसाठी बार्बरा क्रूगर या चित्रकर्तीच्या शैलीचा आधार घेतला. क्रूगरची चित्रं उपभोगवादावर बोट ठेवणारी होती, आणि त्याच अक्षरांसाठी पोरं दुकानापुढे रांगा लावू लागली. इथे खुणेची दिशा फिरली. आता ती मालापेक्षा माल घालणाऱ्याबद्दल बोलू लागली.

सोलापुरात मात्र खूण मालाशी बांधलेलीच राहिली. बाहेरगावी विणलेल्या स्वस्त चादरी ‘सोलापुरी’ म्हणून खपू लागल्या, तेव्हा एकट्या कारखान्याचं नाव पुरेनासं झालं. १९९९ च्या कायद्याखाली चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रात ते सर्वांत आधी मिळालेल्यांपैकी एक होतं, आणि आता गावच खूण झालं.

हल्ली याच चादरींची जॅकेटं शिवली जातात. आफ्रिकेतल्या एका गायकाच्या अंगात चादरीचा शर्ट दिसला तेव्हा सोलापूरकरांनी तो लगेच ओळखला. मला त्याचा अभिमान वाटला. तरी या जॅकेटांच्या कॉलरमागे शिवणाऱ्या कंपनीची पट्टी असते, पाठीवर कारखान्याचं नाव असतं, आणि माग चालवणारा कुठेच नसतो. कॉलरमागच्या पट्टीवर अजून एका ओळीला जागा आहे. तिथे विणकराचं नाव यायला हवं.