फळ कुणी मोजायचं?

झरीला आमच्या कापसाला पाते लागले की लहानपणी मी ते मोजत बसायचो. वडील म्हणायचे, "मोजून काय करतूस? निम्मे तर गळूनच जातेत." पुढे २०१७ साली गुलाबी बोंडअळी आली, तेव्हा बोंडं मोजूनही उपयोग नव्हता. बाहेरून टणक, हिरवीगार. फोडली की आत सरकी खाल्लेली आणि कापसाची कवडी.

दोन वर्षांपूर्वी एका प्रार्थनासभेत पाहुण्या उपदेशकांनी विचारलं, "यंदा तुमच्या जीवनाला किती फळ आलं?" फळ म्हणजे नवी माणसं किती आणली, हा त्यांचा हिशेब. माझा आकडा शून्य. मान खाली घातली, आणि का कोण जाणे, पाते आठवले.

पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात आत्म्याच्या फळाची वाख्या नऊ गुणांनी केली आहे. पण मूळ ग्रीकमध्ये फळ हा शब्द एकवचनीच आहे. आणि माणसांच्या संख्येचा त्यात उल्लेखही नाही. सहनशीलता आहे, सौम्यता आहे. ती एकट्याने खोलीत बसून पिकत नाही, समोर कुणीतरी डोकं फिरवणारं लागतं. बहुधा घरातलंच.

म्हणून मला ना. वा. टिळक छळतात. १० फेब्रुवारी १८९५ला त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. केवढा मोठा कवी ख्रिस्ती झाला! मोजणाऱ्यांच्या दृष्टीने भरघोस पीक. इकडे लक्ष्मीबाई मात्र लहानग्या दत्तूला घेऊन नातेवाइकांच्या आधारावर, नवरा जिवंत असून तुटलेल्या. विवेकापुढे टिळकांचा इलाज नव्हता, हे मला पटतं. त्या विवेकाची किंमत दुसऱ्या कुणीतरी मोजली, हेही तितकंच खरं. यातलं एक दुसऱ्याने खोडलं जात नाही.

काही वर्षांनी त्या परत टिळकांकडे राहायला आल्या, पण आपलं सोवळं घेऊन. ते सुटलं ते कुणाच्या प्रवचनाने नव्हे. जातिभेद माणसाने केलेत, देवाने नाहीत, हे त्यांचं त्यांनाच उमगलं. बाप्तिस्मा १९०० साली. या मधल्या काळाला कुठल्या वहीत रकाना असेल? 'स्मृतिचित्रे'त टिळकांचा शीघ्रकोप आहे, हातात पैसा न टिकणं आहे, आणि त्या सगळ्याकडे बघून हसू शकणारी एक बाई आहे. १९१९ साली टिळक गेले तेव्हा 'ख्रिस्तायन' अपुरं होतं. ते पुढे नेलं शाळेचं तोंड न पाहिलेल्या याच बाईने. झाड एकाचं, फळ दुसऱ्याच फांदीला. मला तरी आध्यात्मिक फळ इथेच दिसतं, त्या हसण्यात.

हे लिहिणं सोपं आहे. माझ्या धाकट्या भावाचं शेत माझ्या शेजारीच आहे. बांधावरून आमचं बोलणं बंद, त्याला दीड वर्ष झालं. त्या सभेला आम्ही दोघेही होतो, वेगवेगळ्या रांगांत. यंदा त्याला वेचणीला माणसं मिळेनात. परवा मी बांधापर्यंत गेलो आणि परत आलो.