निरीक्षण कोणासाठी?

डी.एड. किंवा बी.एड.च्या काळात भावी शिक्षकाला स्वतःचे सराव पाठ घ्यावे लागतात, तसेच सोबत्यांच्या पाठांना मागच्या बाकावर बसून त्यांची निरीक्षणे वहीत नोंदवावी लागतात. नेमणूक होताच यातला दुसरा भाग संपतो. पुढच्या तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीत वर्गात मोठे माणूस येते ते बहुधा अधिकारी म्हणून. मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख किंवा विस्तार अधिकारी येतात, टाचण पाहतात, मुलांना दोन प्रश्न विचारतात, शेरेबुकात लिहितात आणि निघून जातात. शेजारच्या वर्गातल्या बाई अपूर्णांक कसे शिकवतात, हे भिंतीअलीकडच्या गुरुजींना बहुधा कधीच पाहायला मिळत नाही. ही स्थिती केवळ आपल्याकडची नाही. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५च्या ‘स्कूलटीचर’ या ग्रंथात शाळेच्या रचनेला अंड्यांच्या खोक्याची उपमा दिली: एका कप्प्यात एक शिक्षक, शेजाऱ्याला धक्का लागणार नाही अशा बेताने ठेवलेला. हे कप्पे उघडण्याचा एक प्रयत्न ‘पीअर कोचिंग’ या नावाने गेली चार दशके चालला आहे. या कल्पनेचा सर्वांत मोलाचा भाग तिच्या प्रवर्तकांनाही सुरुवातीला दिसला नव्हता. वर्गात येऊन बसलेला सहकारी तिथे दुसऱ्याला सुधारायला आलेला नसतो, स्वतः शिकायला आलेला असतो, हे ध्यानात यायला त्यांना दीड दशक लागले.

सुरुवात एका अपयशातून झाली. १९७०च्या दशकात अमेरिकेत शिक्षक-प्रशिक्षणावर बराच खर्च होत होता, पण प्रशिक्षणानंतर वर्गात काय उतरते याची पाहणी केली की हाती निराशा येई. काही उपक्रमांत तर शिकलेली पद्धत प्रत्यक्ष वापरणारे शिक्षक दहा टक्क्यांइतकेच निघाले. शिक्षकांना बदल नको असतो, असा सोपा निष्कर्ष त्यातून काढता आला असता. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८०मध्ये वेगळे निदान मांडले. व्याख्यान, नमुना पाठ आणि शिबिरातला सराव एवढ्यावर कौशल्य वर्गापर्यंत पोहोचत नाही. ओळखीच्या पद्धतीत शिक्षक सराईत असतो, नव्या पद्धतीत तो पुन्हा नवशिका होतो, आणि चाळीस मुलांसमोर नवशिके होणे कुणालाही नको असते. या अवघड आठवड्यांत सोबत लागते, आणि त्या सोबतीला त्यांनी खेळाच्या मैदानावरचा ‘कोचिंग’ हा शब्द दिला. प्रयोगांत अशी सोबत मिळालेले शिक्षक नवी पद्धत अधिक वेळा वापरताना आणि अधिक काळ टिकवताना दिसले. आधी ही सोबत बाहेरचे तज्ज्ञ करत. पुढे ती शाळेतल्या सहकाऱ्यांनाही जमते असे आढळले, आणि पीअर कोचिंग रुजले.

मात्र या कल्पनेने आपला साचा तपासणीच्या जगातूनच उचलला होता. मॉरिस कोगन, रॉबर्ट गोल्डहॅमर प्रभृतींनी हार्वर्डमध्ये घडवलेल्या पर्यवेक्षण-पद्धतीचा क्रम ठरलेला होता: पाठाआधी चर्चा, मग निरीक्षण, मग विश्लेषण आणि शेवटी अभिप्राय. सहकाऱ्यांनी हाच क्रम उचलला. त्यातून जे घडले ते जॉइस आणि शॉवर्स यांनी १९९६च्या लेखात मोकळेपणाने नोंदवले. अभिप्राय द्यायला बसलेला मित्र नकळत साहेब होतो. शिक्षकही अशा वेळी आधी कौतुक आणि मग ‘पण’ येणार, हे गृहीत धरूनच ऐकतात. मग या दोघांनी तोंडी अभिप्राय वगळून पाहिला. नव्या पद्धतीचा वापर त्यामुळे घटला नाही आणि विद्यार्थ्यांच्या प्रगतीतही फरक पडला नाही. तेव्हा त्यांनी व्याख्याच उलटी केली: पाठ घेणारा तो कोच, आणि तो पाहणारा शिकणारा. भर शेऱ्यावरून हटून पाठाचे एकत्र नियोजन करणे, साहित्य मिळून तयार करणे आणि एकमेकांकडे पाहून शिकणे याकडे गेला.

या उलटापालटीमागचे कारण शिकवण्याच्या स्वरूपातच आहे. चांगल्या शिक्षकाचे ज्ञान बरेचसे त्याच्या कृतीत मुरलेले असते. प्रश्न विचारल्यावर तो किती थांबतो, चुकीचे उत्तर फळ्यावर का राहू देतो, मागच्या रांगेतल्या मुलाकडे कधी वळतो, हे त्याला विचारले तर धड सांगता येणार नाही. ते पाहावे लागते, आणि ते टिपण्याची नजर असते ती त्याच अडचणीतून जाणाऱ्या दुसऱ्या शिक्षकाकडे. जपानमधल्या ‘जुग्यो केन्क्यू’ या पाठ-अभ्यासाच्या परंपरेची मुळे मेजी काळापर्यंत मागे जातात. तिथे शिक्षकांचा गट मिळून एक पाठ आखतो, एक जण तो घेतो आणि बाकीचे मुले काय करतात ते पाहतात. पाठ सर्वांचा असल्याने तो फसला तरी दोष एकट्याच्या माथी येत नाही. जेम्स स्टिग्लर आणि जेम्स हीबर्ट यांनी १९९९च्या ‘द टीचिंग गॅप’मध्ये ही रीत जगापुढे आणली. अमेरिकेतली वाट आणि जपानची परंपरा वेगवेगळ्या दिशांनी एकाच ठिकाणी आल्या: चर्चेचा विषय पाठ हवा, माणूस नको.

पुरावा उत्साह वाढवणारा आहे, तसाच सावध करणाराही. मॅथ्यू क्राफ्ट, डेव्हिड ब्लाझर आणि डिलन होगन यांनी २०१८मध्ये कोचिंगविषयीच्या ६० अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा अध्यापनात भरीव आणि विद्यार्थ्यांच्या गुणांत माफक सुधारणा दिसली. पण त्यातले बहुतेक कोच तज्ज्ञ होते, आणि शंभराहून अधिक शिक्षकांच्या उपक्रमांत परिणाम निम्म्यावर किंवा त्याहून खाली आला. सहकाऱ्यांपुरते पाहायचे तर टेनेसीतला प्रयोग महत्त्वाचा. तिथे एखाद्या विशिष्ट कौशल्यात कमी पडणाऱ्या शिक्षकाची जोडी त्याच कौशल्यात पक्क्या असलेल्या सहकाऱ्याशी लावली, आणि कमी पडणाऱ्यांच्या वर्गांतले गुण ०.१२ प्रमाण विचलनाने वाढले. इंग्लंडमधल्या ८२ माध्यमिक शाळांच्या प्रयोगात संशोधकांना ०.०७ची वाढ दिसली, आणि ती निरीक्षण करणाऱ्या शिक्षकांच्या वर्गांतही होती. पाहणाऱ्यालाही लाभ होतो, या म्हणण्याला यातून बळ मिळते. त्याच प्रयोगाच्या स्वतंत्र मूल्यमापनाला मात्र परिणाम आढळला नव्हता. वेळापत्रकातून सवड न मिळाल्याने ठरलेली निरीक्षणे पुरेशी झाली नाहीत, हेही त्याच मूल्यमापनातून कळले. तेव्हा पीअर कोचिंग ही जादू नाही. सवड दिली आणि आवाका आटोक्यात ठेवला, तरच त्याचे फळ मिळते.

पहिला आक्षेप इथेच येतो. अभिप्राय नाही, तज्ज्ञ नाही, तर दोन सामान्य शिक्षक एकमेकांकडून सामान्यपणाच शिकतील. आक्षेप पोकळ नाही. ज्युडिथ वॉरेन लिटल यांनी १९९०मध्येच बजावले होते की शिक्षकांमधल्या बऱ्याचशा ‘सहकार्या’त गप्पा, धीर देणे आणि साहित्याची देवाणघेवाण एवढेच असते, त्याने अध्यापनाला धक्काही लागत नाही. पण अभिप्राय वगळणे म्हणजे विचार वगळणे नव्हे. जॉइस आणि शॉवर्स यांच्या आराखड्यात नवी पद्धत शिकवणारे प्रशिक्षण आधी असते, सोबत त्यानंतर येते. टेनेसीतल्या जोड्याही नेमक्या कौशल्यावर बेतल्या होत्या. प्रश्न कसे विचारावेत हे एकाकडून आणि गटकार्य कसे घ्यावे हे दुसऱ्याकडून शिकता येते, कारण कुणीच सगळ्यात कच्चा नसतो. ज्ञान बाहेरून यायला हवे, हे मान्यच आहे. ते वर्गात मुरवण्याचे काम मात्र बाहेरचा माणूस महिन्यातून एकदा येऊन करू शकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि महाराष्ट्राला तो ओळखीचा वाटेल. सक्तीने आणलेले सहकार्य पोकळ असते. अँडी हारग्रीव्ह्ज यांनी त्याला ‘घडवून आणलेली सहकारिता’ म्हटले. शाळांचा एकाकीपणा मोडावा ही इच्छा आपल्याकडे नवी नाही. १९६४-६६च्या कोठारी आयोगाने माध्यमिक शाळेभोवती प्राथमिक शाळा जोडणारी शाळा-संकुले सुचवली होती, आणि त्या आयोगाचे सदस्य-सचिव आपले जे. पी. नाईक होते. नव्वदच्या दशकात केंद्रशाळा आणि केंद्रप्रमुख आले, पुढे केंद्राची शिक्षण परिषद भरू लागली. म्हणजे शिक्षक एकत्र येण्याची चौकट हजर आहे. पण परिषदेचा मोठा वाटा परिपत्रके, ऑनलाइन माहिती आणि सूचना यांत जातो. नमुना पाठ झालाच, तर तो बहुधा एखाद्या नावाजलेल्या शिक्षकाचा असतो आणि बाकीचे टाळ्या वाजवतात. शिवाय दोनशिक्षकी शाळेत एकाने दुसऱ्याचा पाठ पाहायचा तर दोन वर्ग वाऱ्यावर सोडावे लागतात. अशा ठिकाणी शेजारच्या शाळेशी जोडी लावणे आणि त्या तासाची सोय केंद्राने करणे, एवढे तरी लागेलच. ही सोय न करता वर्षाला अमुक इतकी निरीक्षणे असा आदेश काढला, तर एक तक्ता वाढेल, दुसरे काही होणार नाही.

म्हणून सक्तीच्या आक्षेपाचे उत्तर उपक्रम सोडून देणे हे नाही, शासनाने आपली जबाबदारी योग्य जागी ठेवणे हे आहे. वेळ, बदली शिक्षक आणि चांगले प्रशिक्षण सरकारनेच द्यायला हवे. जोडी कोणाशी, कोणत्या घटकावर, कधी, हे शिक्षकांनी ठरवायला हवे. आणि या निरीक्षणाचा गोपनीय अहवालाशी काही संबंध नसेल, हे लेखी असायला हवे, कारण शेऱ्याची शक्यता जरी उरली तरी शिक्षक त्या दिवशी आपला सर्वांत घोटलेला पाठ काढतो आणि पाहणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा केली आहे. त्यातले काही तास सहकाऱ्याच्या वर्गात जाऊ द्यावेत. नोंद ठेवायचीच असेल, तर ती पाहणाऱ्याने ठेवावी, आणि समोरच्याच्या पाठाविषयी न लिहिता उद्या स्वतःच्या वर्गात आपण काय बदलून पाहणार आहोत, तेवढेच लिहावे.