आपल्यासाठीं नसलेली हांक

बदलापूरला आमचे एक जुने स्नेही राहतात. त्यांचे चिरंजीव परवां एक प्रश्न घेऊन आमच्याकडे आले. मुलगा सतरा वर्षांचा, हुशार आणि यंत्रांचा नादी. पोलीस, अग्निशामक दल आणि रुग्णवाहिका यांचीं बिनतारी संभाषणें घरबसल्या ऐकतां यावींत म्हणून त्याला एक स्कॅनर घ्यावयाचा होता. "काका, पहिलाच घेतों आहें. हातांत धरण्याचा बरा, कीं संगणकाला जोडण्याचा?" इतका साधा त्याचा प्रश्न. आम्हीं दिलेलें उत्तर त्याच्या अपेक्षेचें नव्हतें, आणि तें देणें आम्हांलाही वाटलें होतें तितकें सोपें गेलें नाहीं. म्हणून तो सारा विचार वाचकांपुढें ठेवीत आहों.

स्कॅनर हा एक प्रकारचा रेडिओच. साध्या रेडिओचा कांटा आपण एका केंद्रावर लावून ठेवतों. हें यंत्र नेमून दिलेल्या लहरींवरून सारखें धांवत असतें, आणि जेथें कोणी बोलत असेल तेथें थबकतें. बोलणें संपलें कीं पुन्हां धांवूं लागतें. अमेरिकेंत हा छंद जुना आहे. दूरचित्रवाणी पाहण्यासाठीं निघालेला, संगणकाला जोडावयाचा अंगठ्याएवढा एक तुकडा अशा ऐकण्यालाही उपयोगी पडतो हें २०१२ च्या सुमारास हौशी लोकांच्या ध्यानांत आलें, आणि हौस फारच स्वस्त झाली. हें सर्व आमच्या तरुण मित्राला आमच्याहून अधिक ठाऊक होतें. आपल्या देशांत ही निवड दुकानांत सुरू होत नाहीं, एवढेंच त्याच्या ध्यानांत आलें नव्हतें.

१९३३ च्या कायद्यानें परवान्यावांचून बिनतारी यंत्र नुसतें जवळ बाळगणें हाच गुन्हा ठरविला होता. घरच्या रेडिओलादेखील एके काळीं परवाना लागे. पोस्टांत जाऊन त्याची फी भरल्याची आठवण आमच्या वडीलधाऱ्या वाचकांना असेल. तो काळ गेला. परंतु २०२३ च्या दूरसंचार कायद्यानेंही रेडिओ-उपकरण बाळगण्यास सरकारची परवानगी किंवा सूट आवश्यक मानली आहे. दुसऱ्याचा संदेश बेकायदा टिपणाऱ्यास त्यांत तीन वर्षांपर्यंत कारावास, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. वॉकी-टॉकीसारख्या यंत्रांच्या ऑनलाइन विक्रीला आळा घालण्यासाठीं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें २०२५ मध्यें मार्गदर्शक तत्त्वें काढलीं. तात्पर्य, कोणी विकतो म्हणून आपण घ्यावें, असें येथें चालत नाहीं.

परंतु कायद्याचें कलम दाखविलें कीं नीतीचा प्रश्न मिटला, असें मानणारांपैकीं आम्ही नव्हे. १९४२ सालीं उषा मेहता आणि त्यांचे सहकारी मुंबईंत गुप्तपणें काँग्रेस रेडिओ चालवीत होते, तेव्हां कायदा त्यांच्या विरुद्ध होता आणि न्याय त्यांच्या बाजूला होता. म्हणून क्षणभर कायदा बाजूला ठेवूं आणि विचारूं: तो नसताच, तर दुसऱ्याच्या संकटाची हांक आपण चोरून ऐकावी काय?

ऐकावी, असें म्हणणाऱ्याची बाजू लंगडी नाहीं. आमच्या या भागाला उल्हास नदीचा शेजार आहे. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझला एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या वेळीं आमचे स्नेही मुंबईंत कामावर होते. गाड्या बंद, दूरध्वनी मुका, आणि घरीं त्यांची आई रात्रभर दाराशीं उभी. दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं ते चालत परत आले. ती रात्र त्या घरांत अजून सांगितली जाते, आणि तिच्यानंतर जन्मलेल्या या मुलानें ती इतक्या वेळां ऐकली आहे कीं ती त्याला स्वतःचीच वाटते. पुढें २७ जुलै २०१९ रोजीं बदलापूर आणि वांगणी यांच्यामध्यें महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यांत अडकली, तेव्हां तो शाळेंत होता. भोंवतालीं कारखाने आहेत. शेजारच्या डोंबिवलींत मे २०१६ मध्यें आणि पुन्हां मे २०२४ मध्यें रासायनिक कारखान्यांत स्फोट होऊन माणसें दगावलीं. अंबरनाथ-बदलापूरच्या माणसाला मध्यरात्रीं उग्र वास आला तर खिडक्या लावाव्या कीं घराबाहेर पडावें, हा प्रश्न कुतूहलाचा नाहीं. "आम्हांला कोणी सांगत नाहीं, म्हणून आम्हीं ऐकावयाचें," असें तो म्हणाला, आणि त्यास लगेच उत्तर देणें आम्हांस जमलें नाहीं.

आणखीही एक युक्तिवाद त्याच्यापाशीं होता. पोलीस प्रजेचे नोकर. मग धन्यानें नोकरांचें बोलणें कां ऐकूं नये? न्यूयॉर्कच्या पोलिसांनीं २०२३ मध्यें आपलीं संभाषणें सांकेतिक करण्यास आरंभ केला, तेव्हां तेथील वृत्तपत्रांच्या लोकांनीं याच मुद्द्यावर तक्रार केली. तींतही तथ्य आहे. परंतु कारभाराचा हिशेब उघड्यावर मागणें वेगळें, आणि तो कारभार चालू असतां ज्याचें घर जळतें आहे त्याचें नांव ऐकत बसणें वेगळें. त्या बिनतारीवर नुसते पोलीस नसतात. जिनें विष घेतलें आहे ती सून तेथें असते; हरवलेलें मूल असतें; नवऱ्याच्या मारानें घराबाहेर पडलेली बाई आणि तिच्या घराचा पत्ता असतो. मदतीला येणारे तेवढेच ऐकत आहेत, अशा विश्वासावर तीं माणसें सर्व कांहीं सांगतात. तो विश्वास उडाला तर उद्यां तीं अर्धेंच सांगतील, आणि मदत चुकेल.

उल्हासनगरचें उदाहरण घ्या. महायुद्धांत कल्याणजवळ सैनिकांसाठीं छावणी उभारली गेली. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधमधून आलेलीं निर्वासित कुटुंबें उतरलीं, आणि ऑगस्ट १९४९ मध्यें तिला उल्हासनगर हें नांव मिळालें. एकेका बराकींत अनेक बिऱ्हाडें, मध्यें असेल तो आडोसा. पलीकडचें रडणें, भांडण, आजाऱ्याचें कण्हणें अलीकडे ऐकूं येणारच. आमच्या चाळींतूनही निराळें नव्हतें. अशा दाटींत माणसें अब्रूनें राहूं शकतात तीं एका न लिहिलेल्या नियमामुळें: कानावर पडलें तें पडलें, परंतु त्याला कान द्यावयाचा नाहीं, आणि हांक आली तर मात्र उठून जावयाचें. कानावर पडणें आणि कान देणें यांत मराठी भाषेनें जो भेद केला आहे, तोच या प्रश्नाचा गाभा होय. शेजाऱ्याचें बोलणें भिंत पातळ असल्यामुळें कानावर पडतें. स्कॅनर घेणारा भिंत पातळ करण्यासाठीं पैसे मोजतो.

बिनतारी लहरींना भिंत नसते, हें प्रथमपासून सर्वांना माहीत होतें. म्हणूनच हा नियम तेथें लिहून ठेवावा लागला. जे संदेश सर्वसाधारण जनतेसाठीं नाहींत ते अनधिकारानें टिपण्यास, आणि टिपलेल्याचा मजकूर फोडण्यास, प्रत्येक राष्ट्रानें मनाई करावी, असें आंतरराष्ट्रीय रेडिओ-नियमांत सांगितलें आहे. ऐकणें आणि फोडणें हे दोन निराळे दोष आहेत, आणि आजच्या काळांत दुसरा पहिल्याच्या पाठोपाठ येतो. समजा, पावसाळ्याच्या रात्रीं आमच्या तरुण मित्रानें बारवी धरणासंबंधीं एक तुटक वाक्य ऐकलें. बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्या अधिकाऱ्याला त्याचा मागचा-पुढचा संदर्भ ठाऊक, याला नाहीं. तरी भल्या हेतूनें तो तें मोबाइलवर शंभर जणांस कळवील, आणि पहाटेपर्यंत धरण फुटल्याची वार्ता घरोघरीं जाईल. अर्धवट ऐकलेलें सत्य असत्याहूनही लवकर पसरतें, कारण सांगणारा शपथेवर सांगूं शकतो कीं, आपण तें स्वतः ऐकलें.

याहूनही मोठा दोष म्हणजे स्कॅनरला कान आहेत, तोंड नाहीं. संजयाच्या मुखानें धृतराष्ट्रानें सारें युद्ध ऐकलें. त्या ऐकण्यानें एकही प्राण वांचला नाहीं. दुसऱ्याचें दुःख ऐकणें हें ऋण आहे, तें कांहींतरी करून फेडावयाचें असतें. फेडण्याची सोयच नाहीं असें ऐकणें रोज घडूं लागलें कीं मन प्रथम बेचैन होतें, मग सरावतें, आणि शेवटीं त्याला त्यांत करमणूक वाटूं लागते. आम्हांला भीति वाटते ती या शेवटच्या पायरीची.

म्हणून आम्हीं त्या मुलाला सांगितलें: पहिलें यंत्र घ्यावयाचेंच तर सेलवर चालणारा साधा रेडिओ घे. आकाशवाणीवर जें बोललें जातें तें तुझ्यासाठींच बोललें जातें, आणि वीज गेली तरी तें ऐकूं येतें. त्यानें समाधान झालें नाहीं तर हौशी बिनतारीचा, म्हणजे हॅमचा, परवाना काढ. वयाच्या बाराव्या वर्षापासून त्या परीक्षेला बसतां येतें. पास होणाऱ्याला स्वतःचें संकेतनाम मिळतें, आणि ऐकण्याबरोबर उत्तर देण्याचाही अधिकार मिळतो. डिसेंबर २००४ मध्यें त्सुनामी आली तेव्हां भारती प्रसाद या हॅम प्रचालिका अंदमानांत होत्या. इतर दळणवळण तुटलें असतां त्यांनीं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं तेथील निरोप मुख्य भूमीवर पोंचविले. असे निरोप मुख्य भूमीवर किती दारांशीं उभ्या असलेल्या आयांना मिळाले असतील!

मुलानें सर्व ऐकून घेतलें आणि विचारलें, "पण काका, २००५ सालीं आजीनें काय करावयास हवें होतें?" या प्रश्नाला आमच्यापाशीं उत्तर नव्हतें, कारण तें आजीनें द्यावयाचें नाहीं. २०१९ मध्यें महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली तेव्हां मध्य रेल्वेनें प्रवाशांना स्पष्ट सांगितलें कीं, गाडींतून उतरूं नका. नौदल, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आणि आसपासचे गांवकरी मदतीस गेले आणि सुमारे १०५० माणसें सुखरूप बाहेर आलीं. तें सांगणें प्रवाशांना उद्देशून होतें. तें त्यांना चोरून ऐकावें लागलें नाहीं. उल्हासनगरची महानगरपालिका, अंबरनाथ व कुळगांव-बदलापूरच्या नगरपरिषदा आणि कारखानदार यांनीं वेळेवर, खरें आणि सोप्या मराठींत सांगावें, हा नागरिकांचा हक्क आहे. ज्या गांवाला कोणी सांगत नाहीं तें गांव भिंतीला कान लावतें, आणि त्या कान लावण्याचा दोष मग एकट्या ऐकणाऱ्याचा राहत नाहीं.

मुलानें स्कॅनर घेतलेला नाहीं. परीक्षेचें पुस्तक मात्र मागवलें आहे. आमच्या स्नेह्यांनीं नगरपरिषदेला एक पत्र लिहावयास घेतलें आहे: रात्रीं पाणी वाढलें किंवा वास आला तर आम्हांला कोण, कसें आणि किती वेळांत कळविणार? त्या पत्राखालीं शेजाऱ्यांच्याही सह्या घ्याव्यात, असें आम्हीं त्यांना सुचविलें आहे.