पाऊण टाकीची गोष्ट

१ जानेवारी २०२४ चा माझा संकल्प होता : यंदा उगाच घाबरायचं नाही. तो संध्याकाळपर्यंत टिकला. अपघात करून, पोलिसांना न कळवता पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद, या नव्या कलमाविरुद्ध ट्रक-टँकरचालकांनी संप केला. मनमाडजवळच्या पानेवाडीहून टँकर हलेनात, ही बातमी नाशकात पोचली. शेजारचे अण्णा जिन्यातूनच ओरडले, "अहो, बसलात काय? पंपावर पळा!"

माझ्या स्कूटरची टाकी पाऊण भरलेली. धाव मंडईपर्यंत. तरी पळालो.

रांगेत जो तो म्हणत होता, "लोक उगाच घाबरतात हो!" स्वतःला सोडून बाकीच्यांना लोक म्हणतात. मलाही टंचाईची भीती नव्हतीच. भीती होती ती टंचाईला भिणाऱ्यांची. त्यांना माझी. पंपात रोजच्यापुरतं पेट्रोल असतं. साऱ्या गावाने एकाच संध्याकाळी टाक्या काठोकाठ भरायच्या म्हटल्या तर कुठून पुरणार?

दीड तासाने मला सव्वा लिटर मिळालं. लगेच 'पेट्रोल संपले'ची पाटी लागली. मागे नर्सच्या गणवेशातली एक मुलगी बंद पडलेली मोपेड ढकलत आली होती. रात्रपाळी असावी. ती काही बोलली नाही.

मी पैसे मोजले होते, रांग मोडली नव्हती. कुठल्याही कोर्टात निर्दोषच सुटलो असतो. मी स्कूटरला किक मारली आणि निघालो.

दुसऱ्या रात्री संप मिटला. ते कलम मात्र मला अजून आठवतं. धक्का देऊन न थांबता निघून जाणाऱ्याबद्दलच होतं ना ते?