आधी ओळख, मग वेग

फोनच्या तारेवरून इंटरनेटशी जोडणारा डायल-अप मोडेम बोलण्याआधी ऐकत असे. नंबर लागला की दोन्ही टोकांची यंत्रं एकमेकांना सूर पाठवत, तारेत किती खरखर आहे ते जोखत आणि दोघांनाही झेपेल असा वेग ठरवत. घरभर ऐकू जाणारी ती किरकिर म्हणजे हीच बोलणी. सेकंदाला 33.6 किलोबिट जमेना तर 28.8, तेही जमेना तर 14.4. वेगवान यंत्र संथ यंत्रासाठी खाली उतरे. ज्याची कुवत जास्त, त्यानेच आधी पाऊल मागे घ्यायचं, हा संवादाचा पहिला नियम त्यात होता.

*

15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केलं, ते मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या महानगरांत. बेळगाव त्या यादीत नव्हतं, मग निपाणी कुठून असणार! बेळगावाहून मुंबई आणि बंगळुरू जवळपास सारख्याच अंतरावर, पाचशे किलोमीटरच्या आसपास. 1 नोव्हेंबर 1956 च्या राज्यपुनर्रचनेपासून महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरचा हा मुलूख ज्या दोन राजधान्यांच्या ओढाताणीत आहे, त्या दोन्हींकडे जाणारा फोन एसटीडीचा, म्हणजे लांबच्या दराचाच. आपली भाषा बोलणारी राजधानीसुद्धा दूर असली की मिनिटामिनिटाचे पैसे मागते.

नोव्हेंबर 1998 पासून खासगी कंपन्यांनाही ही सेवा देता येऊ लागली. 172 ने सुरू होणारे नंबर आले आणि ते स्थानिक कॉलच्या दरात लागू लागले. तेव्हा कुठे गावागावांत जग आलं. हक्क आणि त्याचा उपयोग यांच्यात कधी कधी फक्त दराचं अंतर असतं, आणि गरिबाला तेवढंच ओलांडता येत नाही.

*

बेळगावचा कोड 0831, गोव्याचा 0832. टेलिफोन खात्याच्या हिशेबात बेळगाव पणजीच्या शेजारी. निपाणी 08338, कागल 02325. एका तासाच्या आत गाठता येणारी ही दोन गावं फोनवर मात्र दोन वेगळ्या मुलखांची.

निपाणीला लागून असलेल्या अर्जुननगरात देवचंद कॉलेज आहे. पत्ता तालुका कागल, जिल्हा कोल्हापूर. पिन मात्र निपाणीचा, 591237. राज्याची सीमा एका रेषेवर, टपालाची दुसऱ्या. नकाशाला एकच सीमा ठाऊक असते. माणूस रोज अनेक सीमांवर राहतो आणि त्यांपैकी एकही त्याला विचारून आखलेली नसते.

*

तेव्हा जोडलेला वेळ मोजला जाई. म्हणून पत्र आधी लिहून ठेवायचं, पुन्हा वाचायचं, मगच नंबर फिरवायचा. 28.8 च्या वेगात साधं छायाचित्र उतरायला अर्धं मिनिट लागे, एक गाणं उतरायला पाव तास. एसटीडी लावणारे रात्र होण्याची वाट बघत, कारण तेव्हा दर उतरे. ज्याला थांबावं लागतं तो निवडायला शिकतो.

फोनची तार एकच. घरातला एक जण जगाशी जोडला की बाकीचं घर जगापासून तुटे. कुणी फोन केला तर तो एंगेज. आपल्या बोलण्याची किंमत दुसरा कुणी तरी गप्प राहून चुकवतो, हे त्या काळात लपून राहत नसे. आज ते लपतं.

तरी टंचाईचे गोडवे गाऊ नयेत. ज्यांच्याकडे फोन होता, कॉम्प्युटर होता आणि इंग्रजी होतं, त्यांच्याच घरी ही किरकिर वाजली. निपाणीत विड्या वळणाऱ्या बायकांपर्यंत ती पोचली नाही. आणि टंचाईतून आलेला संयम व मनातून आलेला संयम दिसायला सारखेच असतात. टंचाई सरली की त्यांतला फरक कळतो.

*

बेळगाव-निपाणीच्या माणसाला इंटरनेटवर पहिल्यांदा आपली भाषा दिसली ती तुटकी. प्रत्येक मराठी साइटचा फाँट निराळा. तो उतरवून घेतला नसेल तर मजकुराच्या जागी निरर्थक चिन्हं. ‘मायबोली’ ही मराठी साइट 1996 साली सुरू झाली, पण वाचणाऱ्याला आणि लिहिणाऱ्याला अक्षरांसाठी पुढेही बरीच वर्षं झगडावं लागलं. युनिकोड रुळल्यावर हा प्रश्न सुटला. तरीही त्याच्या प्रचलित पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरी अक्षराला तीन. कन्नड अक्षरालाही तीनच.

हे सीमाभागात नीट लक्षात घेतलं पाहिजे. फलकांवर ज्या दोन लिप्या एकमेकींना पुसत आल्या, त्या मोडेमच्या तारेत एकाच रांगेत उभ्या होत्या. दोघींची अडचण एक, दोघींना पडणारा भार एक. शेषाद्रिवासू चंद्रशेखरन यांनी 1998 साली ‘बरह’ बनवलं ते कन्नडसाठी. पुढे त्यातूनच देवनागरीही लिहिता येऊ लागली. कन्नडसाठी झालेले कष्ट मराठीच्या कामी आले. भाषा भाषेचं काही हिरावून घेत नाही. हिरावते ती सत्ता.

*

2005 साली भारत संचार निगमचं ब्रॉडबँड आलं आणि पुढे ती किरकिर बंद झाली. आता आपण सदा जोडलेले. समोरच्याला किती झेपतं, हे विचारण्याची गरज उरली नाही. 1 नोव्हेंबरला सीमाभागातला मराठी माणूस काळा दिन पाळतो, त्याच दिवशी कर्नाटक राज्योत्सव साजरा होतो. त्या दिवशी मोबाइलवरून जे वाहतं ते सीमेवरचा कोगनोळीचा नाका दोन्ही दिशांनी क्षणात ओलांडतं. त्यातलं कितीसं समोरच्याला समजावं म्हणून लिहिलेलं असतं? बहुतेक आपल्याच माणसांच्या टाळ्यांसाठी असतं.

वेग कमी करायचा म्हणजे आपलं म्हणणं सोडायचं, असा गैरसमज आहे. मोडेम उलट सांगतो. व्ही.42 या प्रमाणानुसार चालणारी यंत्रं वाटेत बिघडलेला तुकडा पुन्हा मागून घेत. 14.4 ने निघालेलं पत्र उशिरा पोचे, पण एक अक्षरही न गळता. महाराष्ट्राचा सीमेचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो पूर्ण मांडला पाहिजे, त्यातलं एक अक्षरही गाळता कामा नये. ओरडून सांगितलेला दावा मात्र ऐकणाऱ्याच्या कानात अर्धाच पोचतो.

*

म्हणून सीमाभागातल्या आईबापांना एक विनंती. मुलांना मराठी नीट लिहायला शिकवा, युनिकोडमध्ये, शुद्ध आणि न लाजता. आणि कन्नड वाचायलाही शिकवा. त्याने मराठीवरचा आपला हक्क तसूभर कमी होत नाही. समोरचा काय म्हणतो ते मध्यस्थाशिवाय कळतं, आणि ज्याचं म्हणणं आपल्याला कळतं त्याला आपलं म्हणणं पटवण्याची निदान सोय होते.